उतरल्यावरची दहा मिनिटे

दौंड–मनमाड लोहमार्गावर बेलापूर नावाचे स्टेशन आहे, पण ते बेलापूर गावात नाही. गाव प्रवरेच्या काठावर आहे, बेलापूर खुर्द एका अंगाला आणि बेलापूर बुद्रुक दुसऱ्या. स्टेशन उभे आहे ते काही किलोमीटर अलीकडे, श्रीरामपूर शहरात. 1878 साली या मार्गावरून गाडी धावू लागली तेव्हा आजचे श्रीरामपूर वसलेलेच नव्हते. आसपासचे नावाजलेले गाव बेलापूर, म्हणून स्टेशनाला त्याचे नाव मिळाले. पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले, स्टेशनाभोवती शहर उभे राहिले आणि पाटीवरचे नाव जुनेच राहिले. भरीला नवी मुंबईतही एक बेलापूर आहे. हैदराबादहून किंवा बंगळूरहून पहिल्यांदाच साईदर्शनाला निघालेल्या कुटुंबाने हे कुठून जाणावे?

पुणतांब्याहून फुटणाऱ्या मार्गावर साईनगर शिर्डी हे स्टेशन 2009 साली सुरू झाले. त्याआधी रेल्वेने येणारे भाविक कोपरगावला नाहीतर बेलापूरला उतरत आणि पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने करत. आजही शिर्डीपर्यंत न जाणाऱ्या गाड्यांतून पुष्कळजण इथे उतरतात आणि बाभळेश्वर, राहाता करत शिर्डी गाठतात. सामान खाली, लेकरू कडेवर, म्हातारी आई बाकावर, फोनची बॅटरी संपत आलेली आणि समोर चार माणसे एकदम विचारतात : शिर्डी? शिंगणापूर? गाडी?

प्रवासी फसतो तो बहुतेक वेळा याच दहा मिनिटांत, एक वाहन सुटून दुसरे मिळेपर्यंत. चालत्या गाडीत तो सहसा फसत नाही, देवासमोर उभा असतानाही नाही. स्टेशनाबाहेर, विमानतळाच्या दारात, वाहनतळावर, चपला काढायच्या जागी त्याला अनोळखी माणसाच्या शब्दावर पुढचे पाऊल टाकावे लागते, आणि फसवणाऱ्याची माणसे उभी असतात तीही तिथेच. हे एकदा ध्यानात आले की शिर्डी असो, कळंगुट असो की कॅरिबियन समुद्रातले बार्बाडोस, सावध कुठे राहायचे आणि निवांत कुठे फिरायचे हे ठरवता येते. सगळ्या प्रवासभर संशय बाळगून फिरणाऱ्याच्या हाती आनंद लागत नाही, म्हणून हे ठरवता येणे मला फार मोलाचे वाटते.

मुळात पर्यटनाच्या जागीच ही फसवणूक का फोफावते? गावच्या आठवडी बाजारात भाजीवाली मापात मारत नाही. ती प्रामाणिक असतेच, शिवाय तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्याला पुन्हा समोर उभे राहणार हेही तिला ठाऊक असते. मेथीची जुडी आतून सडकी निघाली तर पुढच्या बाजारी चार बायकांसमोर जाब द्यावा लागेल. चेन्नईहून आलेला भाविक मात्र पुन्हा येईलच असे नाही. आला तरी ते दुकान त्याला ओळखू येणार नाही. शिवाय मालाबद्दल विकणाऱ्याला सगळे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशी स्थिती. अशा बाजारात वाईट माल चांगल्याला कसा हुसकावून लावतो हे जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. त्या कामासाठी 2001 साली नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. तीर्थक्षेत्राच्या रस्त्यावर हा सिद्धांत रोज डोळ्यांनी दिसतो. रास्त दराने हार-नारळ विकणारा दुकानदार गल्लीत आत बसून राहतो आणि ज्याने रस्त्यावर माणसे पेरली आहेत त्याच्याकडे गर्दी होते.

या पेरलेल्या माणसांना आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लटकू म्हणतात. शिर्डी आणि शनिशिंगणापूर या दोन्ही ठिकाणी हा शब्द पोलिसांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. परजिल्ह्याची किंवा परराज्याची नंबरप्लेट दिसली की दुचाकीवरचा तरुण गाडीच्या बाजूने चालू लागतो. खिडकीतून हात करतो. ‘साहेब, पुढे रस्ता बंद आहे, पार्किंग इकडे.’ किंवा, ‘दर्शन अर्ध्या तासात बंद होईल, माझ्यामागे या.’ बोलणे आर्जवी असते, गळ्यात कधी ओळखपत्रासारखे काहीतरी लटकत असते. तो गाडी एका दुकानामागच्या मोकळ्या जागेत नेतो. पार्किंग फुकट, हातपाय धुवायला पाणी फुकट, चपला ठेवायला जागा फुकट. मग पूजेचे ताट हातात येते. हार, नारळ, चादर, पेढे, अगरबत्ती. भाव कुणी सांगत नाही आणि देवाच्या कामाचा भाव विचारायला भाविकालाही संकोच वाटतो. दर्शन करून परतल्यावर हिशेब समोर येतो. तोवर चपला त्यांच्याकडे, गाडी त्यांच्या जागेत आणि नारळ फोडून झालेला.

हिशेबातला मोठा वाटा त्या दुचाकीवाल्याला जातो, म्हणून ताटाची किंमत फुगते. दुकानदाराला हा वाटा द्यायचा नसला तरी शेजारचा देतो म्हणून त्यालाही द्यावा लागतो. भाविक लुटला जातो हे दिसते, पण सरळ धंदा करणारा स्थानिक माणूसही यात पिळला जातो हे लक्षात घेतले जात नाही. लटकूंवर कारवाया होतात, गुन्हे दाखल होतात आणि काही दिवसांनी तीच दुचाकी पुन्हा रस्त्यावर येते. बरीच मुले आसपासच्या गावांतली, शेतीत भागत नाही म्हणून रस्त्यावर उभी राहिलेली. त्यांना सरसकट चोर म्हणणे मला पटत नाही, पण ज्या म्हाताऱ्या जोडप्याने वर्षभर पैसे साठवून वारी केली त्याच्या डोळ्यांतले पाणी पाहिले की या धंद्याची बाजूही घेता येत नाही.

यावर खरा उपाय म्हणजे नेमके काय फुकट आहे हे घरून निघतानाच माहीत असणे. शिर्डीत समाधीचे दर्शन विनामूल्य आहे. उदी विनामूल्य मिळते. प्रसादालयात हजारो माणसे रोज जेवतात, तेही पैसे न देता. सशुल्क दर्शनाचे आणि आरतीचे पास आहेत, पण ते साईबाबा संस्थान स्वतःच्या खिडकीवर आणि स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावर देते. ते संस्थान राज्याच्या 2004 च्या कायद्याखाली चालते. रस्त्यावर ‘ओळखीने आत सोडतो’ म्हणणाऱ्याच्या हाती यातले काही नसते. साईंच्या मूर्तीसमोर रिकाम्या हाताने उभे राहिले तरी दर्शनात उणे पडत नाही, आणि हार न्यायचाच असेल तर भाव विचारून घ्यावा. भाव विचारणे हा देवाचा अपमान नाही.

शिंगणापूरची कथा थोडी निराळी आहे. नेवासे तालुक्यातले, सोनईजवळचे हे गाव घरांना दारे नसण्यासाठी जगभर प्रसिद्ध झाले. युको बँकेने 2011 साली तिथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली. ज्या गावात चोरी होत नाही अशी ख्याती, तिथे येणारा माणूस साहजिकच सैल असतो आणि नेमका तिथे तो तेलाच्या बाटलीशी अडखळतो. शनीच्या शिळेला तेल वाहायचे म्हणून रस्त्याकडेच्या दुकानांतून बाटल्या घ्यायच्या. त्यांत काय भरले आहे याची खात्री कोण देणार? भेसळीच्या तेलाने शिळेलाच अपाय होतो अशा तक्रारी वाढल्या तेव्हा 1 मार्च 2025 पासून शिळेवर नामांकित कंपनीचे, नाममुद्रा असलेले शुद्ध खाद्यतेलच वाहावे असा नियम लागू झाला. म्हणून तिथे जाणाऱ्याने घरच्या किराणा दुकानातून तेलाची सीलबंद पिशवी नेली तर खर्चही वाचतो आणि नियमही पाळला जातो. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे हा वैधमापनशास्त्राच्या नियमांखाली गुन्हा आहे, मग दुकान देवळासमोर असो की बस स्थानकावर.

त्याच वर्षी शिंगणापूरने आणखी एक गोष्ट शिकवली. देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून घरबसल्या पूजा, अभिषेक आणि तैलार्पणासाठी भाविकांकडून पैसे उकळले जात असल्याचे उघड झाले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, विषय विधानसभेतही गाजला. इथे भाविकाला स्टेशनवर उतरावेही लागले नाही. तो आपल्या घरी होता, तरीही त्या अ‍ॅपवर नवखाच होता, आणि ‘खाली क्लिक करा’ म्हणणारा फलक लटकूच्या हाताचेच काम करत होता.

ही नवी फसवणूक देशभर पसरली आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये यात्रेकरूंसाठी खास इशारा दिला होता. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामची निवासस्थाने, सोमनाथचे अतिथिगृह यांच्या नावे बनावट संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरची पाने काढून आगाऊ पैसे घेतले जात होते. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळते, दुसरीकडे नाही. शिर्डीतही साई आश्रम, द्वारावती, भक्तनिवास यांच्या खोल्या संस्थानाकडेच नोंदवायच्या असतात. शोधयंत्रात ‘भक्तनिवास बुकिंग’ टाकल्यावर वर येणारा पहिला दूरध्वनी क्रमांक संस्थानाचाच असेल असे धरून चालू नये. जाहिरातीचे पैसे मोजून कुणीही वर येऊ शकतो. खोलीचे पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय खात्यात मागितले की तिथेच थांबावे. आणि ‘तुमचे पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कुणी म्हटले तर फोन ठेवून द्यावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. आपल्या घरातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाला हे एक वाक्य पाठ करून द्यायला हवे.

गाडी ठरवताना मात्र फोनपेक्षा डोळा जास्त कामाला येतो. भाड्याने चालवण्याचा परवाना असलेल्या टॅक्सीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरे असतात. स्टेशनाबाहेर ‘शिर्डी-शिंगणापूर दोन्ही करून आणतो’ म्हणणाऱ्याच्या गाडीला पांढरी पाटी असेल तर ती खाजगी गाडी आहे. भाडे घ्यायचा तिला परवाना नाही आणि वाटेत काही झाले तर विम्याची भरपाई मिळवतानाही अडचण येते. गोव्यात आणखी एक रंग ओळखायचा असतो. तिथे स्वतः चालवायला मिळणाऱ्या मोटारी आणि स्कूटर यांना काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची स्कूटर स्वस्तात घेऊन निघालेल्या मुलांना पुढच्या नाक्यावर पोलीस अडवतात आणि सुट्टीचे पैसे दंडात जातात. गोव्याने दलालांचा उपद्रव गंभीरपणे घेतला आहे. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा 2001 चा कायदा 2025 मध्ये सुधारून दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपयांवर नेली. किनाऱ्यावर पॅरासेलिंगची पावती हातात देणाऱ्याकडे पर्यटन खात्याची नोंदणी आहे का हे विचारण्याचा हक्क प्रत्येक पर्यटकाला आहे.

पाट्यांचा हाच धडा थेट जमैकात उपयोगी पडतो. तिथे परवाना असलेल्या टॅक्सीला लाल नंबरप्लेट असते. बार्बाडोसमध्ये टॅक्सीचा क्रमांक झेड अक्षराने सुरू होतो. मराठी माणसाला ही बेटे क्रिकेटमुळे घरची वाटतात. 1971 साली पोर्ट ऑफ स्पेनला सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले आणि त्या एका मालिकेत त्यांनी 774 धावा केल्या. 29 जून 2024 रोजी ब्रिजटाउनला भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. आता अमेरिकेत स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीत मायामीहून क्रूझने तिकडे जातात आणि इकडून गेलेल्या आईवडिलांनाही बरोबर नेतात.

तिथली सर्वांत जुनी फसगत डॉलर या एका शब्दात दडलेली आहे. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या निम्मा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर 1975 पासून बांधलेला आहे. अँटिग्वा, सेंट लुसिया, ग्रेनाडा अशा बेटांवर पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो आणि एका अमेरिकी डॉलरला असे 2.70 डॉलर मिळतात, हे 1976 पासून. जमैकाचा डॉलर तर इतका लहान की एका अमेरिकी डॉलरला दीडशेच्या वर मिळतात. टॅक्सीवाला म्हणतो ‘चाळीस’. कुठले चाळीस? बसताना त्याच्या मनात बेटाचे असतात, उतरताना अमेरिकेचे होतात, आणि पाहुणा मोजून देतो. बार्बाडोसमध्ये टॅक्सीला मीटर नसतो, भाडी सरकारने ठरवून दिलेली असतात. तेव्हा बसण्याआधी तीन गोष्टी तोंडाने वदवून घ्यायच्या : आकडा, चलन, आणि तो दर माणशी आहे की सगळ्या गाडीचा. चौघांच्या कुटुंबाला शेवटचा प्रश्न न विचारल्याने चौपट पैसे मोजावे लागतात. बेलापूर स्टेशनाबाहेरही ‘शंभर रुपये’ ऐकून बसलेल्या कुटुंबाला शिर्डीत उतरल्यावर ‘शंभर सीटला’ हे कळते.

फुकटाचे ओझे हा सगळीकडे सारखाच असलेला डाव. शिर्डीच्या गल्लीत कुणी न विचारता कपाळाला गंध लावतो, मनगटात दोरा बांधतो. कॅरिबियन किनाऱ्यावर कुणी केसांची वेणी घालू लागतो, उन्हाने भाजलेल्या खांद्यावर कोरफडीचा गर चोळतो. पॅरिसला मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर बोटाभोवती दोरा गुंडाळून तिथल्या तिथे वेणी विणली जाते आणि बोट अडकून पडते. आधी काहीतरी देऊन माणसाला उपकाराखाली आणायचे आणि मग मोबदला मागायचा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1984 सालच्या पुस्तकात हा परतफेडीचा दबाव उलगडून दाखवला. त्यांचे उदाहरण अमेरिकी विमानतळांवर उतारूंच्या हातात फूल देऊन देणगी मागणाऱ्या हरेकृष्ण पंथीयांचे होते. आपल्याकडे तर ‘नाही’ म्हणणे अधिकच जड, कारण दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये हे लहानपणापासून शिकलेले असते. तो संस्कार चांगला आहे, तो टाकू नये. पण हात आपला आहे. दोरा बांधायच्या आधीच तो मागे घ्यावा, चालत राहावे आणि उत्तर देण्यासाठी थांबू नये. थांबले की बोलणे सुरू होते आणि बोलण्यात तो तरबेज असतो.

फुकेत आणि पट्टायाला मराठी पर्यटक मोठ्या संख्येने जातात, म्हणून जेट-स्कीचा प्रकार सांगायलाच हवा. अर्ध्या तासाने परत आणलेल्या जेट-स्कीवर मालक जुना ओरखडा दाखवतो आणि दुरुस्तीचे अवाच्या सव्वा पैसे मागतो. बहामातल्या नासाउपासून आशियापर्यंत ही तऱ्हा एकच. वाहन ताब्यात घेताना चारी बाजूंनी चित्रफीत काढावी आणि मालकाला दिसेल अशी काढावी. तारण म्हणून पासपोर्ट कुणालाही देऊ नये, छायाप्रत द्यावी. पासपोर्ट गेला की भांडण्याची ताकदही जाते.

एवढे करूनही माणूस फसतो. वय, थकवा, गर्दी, भाषा, काहीही कारण असते. मग बहुतेक लोक गप्प बसतात. घरच्यांनी बोलू नये म्हणून, किंवा पाचशे-हजारासाठी परगावी कुठे पोलिसांत जायचे म्हणून. लटकूंचा धंदा टिकतो तो या गप्प बसण्यावर. फिर्यादी रात्रीच्या गाडीने निघून गेलेला असतो आणि पकडलेल्या मुलाविरुद्ध बोलायला कुणी उरत नाही. हे बदलायचे तर तक्रार घरून करावी. पैसे फोनवरून गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच, त्याच तासात कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी बँकेला ते गोठवता येतात, दुसऱ्या दिवशी तो मार्ग बहुधा बंद झालेला असतो. मालात, खोलीत किंवा भाड्यात फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही तक्रार नोंदवता येते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दावा करण्याची सोय दिली आहे. म्हणजे शिर्डीत फसलेल्या नांदेडकराला त्यासाठी अहिल्यानगरला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीसोबत गाडीच्या पाटीचे छायाचित्र, दुकानाच्या फलकाचे छायाचित्र, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ एवढे जोडले तरी ती उभी राहते. पावती मिळाली नसेल तर ‘पावती मागितली, दिली नाही’ हेही लिहावे.